दगडातला मासा नव्या प्रजातीचा आहे, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही डोंबिवलीचे, भूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला मामांच्या शेतात विहीर खणताना फिकट, चिकणमातीच्या थरातून एक फरशी निघाली आणि तिच्यावर साधारण 11 सेंटिमीटर लांबीच्या माशाचा सांगाडा होता. डोकं चेपलंय, पण कणा आणि शेपूट शाबूत आहे. पाठीवरच्या परात (पर म्हणजे माशाचा पंख, फिन) टोकदार काटे दिसतात. इंटरनेटवरच्या एकाही चित्राशी तो जुळला नाही. तेव्हा ही नवी प्रजाती मानायची का, खात्री कशी करायची, आणि नवी निघालीच तर मामांचं नाव देता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

चित्रांशी जुळत नाही, या कारणाला मी फारसं वजन देत नाही. भारतातल्या जीवाश्म माशांची चांगली छायाचित्रं नेटवर फार थोडी आहेत. बरीचशी वर्णनं जुन्या नियतकालिकांत, रेखाचित्रांच्या पानांवर पडून आहेत. शिवाय दोन मासे वेगळे दिसणं आणि ते वेगळ्या प्रजातीचे असणं यांत मोठं अंतर आहे. ते कापायला तीन प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात. हा मासा कोणत्या गटातला? त्या गटातल्या, त्या काळातल्या ज्ञात माशांपेक्षा तो नेमका कुठे वेगळा? आणि हा वेगळेपणा वयामुळे, नर-मादीच्या फरकामुळे, दगडाखाली चेपल्यामुळे किंवा त्या एकट्या माशाच्या व्यंगामुळे आलेला नाही, हे कशावरून? बहुतेक दावे तिसऱ्या प्रश्नात गळतात. मुंबईत बसून मी गेली बरीच वर्षं जीवाश्म मासे तपासतोय, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम हेच असतं: नवेपणा सोडून बाकीची सगळी कारणं एकेक करून बाजूला सारायची. सगळी सारून झाल्यावरही फरक उरला, तर प्रजाती नवी.

हे तुमच्या नमुन्यावर कितपत जमेल ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. फरशी दुभंगली तेव्हा समोरचा अर्धा भाग कुणी जपला का? अजून मासे निघाले का? थर नेमका कोणता आणि किती खोल होता? समोरचा भाग विहिरीच्या ढिगाऱ्यात पडला असेल तर आजच मामांना फोन करून शोधायला सांगा. कणा एका अर्ध्यावर राहतो आणि शेपटीतली नाजूक हाडं दुसऱ्यावर चिकटून जातात, असं नेहमी होतं. एकाच अर्ध्यावरून ‘हे हाड या माशाला नव्हतं’ असं कधीही म्हणू नये.

थराच्या बाबतीत तुमचा परिसर श्रीमंत आहे आणि फसवाही. वरोऱ्याच्या आसपास कोळशाचे गोंडवाना थर आहेत, डायनासोरांच्या अखेरच्या काळातले लमेटा थर आहेत, वर दख्खनचा लाव्हा आहे, आणि लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये अडकलेले तळ्यांचे गाळही विदर्भात ठिकठिकाणी मिळतात. विहिरीत यातलं काय लागलं ते मातीच्या रंगावरून सांगता यायचं नाही. पण मासा स्वतःच एक धागा देतो. परात खरे काटे असलेले आधुनिक वळणाचे मासे क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या उत्तरार्धापासून दिसू लागतात. कोळशाच्या गोंडवाना थरांत ते मिळायचे नाहीत. म्हणजे तुम्हाला दिसलेले काटे खरे असतील, तर थर लमेटा किंवा त्याहून अलीकडचा असणार.

आणि लमेटा निघाला तर तुलनेचं साहित्य तुमच्या जिल्ह्यातलंच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लमेटा थरांतल्या माशांचं वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 साली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या मालिकेत केलं. त्यात जाड, चकचकीत खवल्यांचा लेपिसॉस्टियस इंडिकस आहे, गोलसर दातांनी कवचं फोडणाऱ्या गटातला पिक्नोडस लमेटी आहे, आणि काटेरी पराचा इओसेरॅनस हिस्लोपी आहे. हिस्लोपी हे नाव नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून आलंय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले होते. आयसिसॉरस हा मोठा शाकाहारी डायनासोरही याच डोंगरगावच्या टेकडीतला. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून तुमच्या माशाची पहिली गाठ इओसेरॅनसशी पडणार. तो आधी नीट समजून घेतल्याशिवाय नवेपणाचा विचारही करू नका.

आता गट. बरेच जण डोक्यापासून सुरुवात करतात, मी शेपटीपासून करतो. डोक्यातली हाडं पातळ, पुष्कळ आणि एकमेकांवर चढलेली. चेपली की त्यांचा गोंधळ होतो. शेपटीतली हाडं मुळातच चपटी, त्यामुळे दगडाच्या दाबाखाली त्यांचं फार बिघडत नाही, आणि माशांच्या मोठ्या गटांतले फरक तिथे स्वच्छ वाचता येतात. कण्याच्या टोकाशी काही चपटी हाडं खाली-वर पसरलेली दिसतील, त्यांना हायप्युरल म्हणतात. ती किती आहेत, त्यातली कोणती एकमेकांत जुळून गेली आहेत, सगळ्यात खालचं शेवटच्या मणक्याला चिकटलंय की सुटं आहे, वरच्या अंगाला एप्युरल नावाच्या सुट्या काड्या किती, हे सगळं भिंगाखाली बघून आधी चित्र काढा, मग लिहा. फोटोवर विसंबू नका. हाताने रेघ ओढताना हाड कुठे संपतं आणि भेग कुठे सुरू होते, याचा निर्णय करावाच लागतो. फोटोत तो टळतो.

मग या हाडांवर टेकलेले शेपटीच्या पराचे मुख्य अर मोजा. पराला ताठ ठेवणाऱ्या काड्या म्हणजे अर. तारली, पेडवी यांच्यासारख्या जुन्या वळणाच्या माशांत शेपटीचे मुख्य अर बहुधा 19 भरतात. काटेरी परांच्या पर्कोमॉर्फ गटात, ज्यात जिताडा, घोळ, बांगडा, हलवा असे आपले कितीतरी मासे येतात, ते 17 किंवा त्याहून कमी असतात. तुमच्या फरशीवर 17 आले आणि पाठीचे काटे खरे ठरले, तर गटाचा प्रश्न बराचसा सुटला.

काटे खरे आहेत का, हे तपासायला दहापटीचं भिंग पुरतं. खरा काटा एकसंध असतो, टोकाकडे निमुळता होतो, आणि त्याच्यावर आडव्या सांध्यांच्या रेघा नसतात. मऊ अर उभ्या दोन अर्ध्यांचा बनलेला असतो, त्याच्यावर बारीक सांधे दिसतात, टोकाला तो बहुधा फुटतो. टोक मोडलेला मऊ अर वरवर बघता काट्यासारखाच दिसतो, म्हणून प्रत्येकाच्या बुंध्यापासून टोकापर्यंत भिंग फिरवा. मग पोटाकडच्या परांची जोडी शोधा. पर्कोमॉर्फांत ती सहसा पुढे, छातीच्या परांच्या खाली सरकलेली असते आणि प्रत्येक पराला एक काटा व पाच मऊ अर असतात. ती पोटाच्या मध्यावर असेल आणि पोटाच्या धारेला करवतीसारखे टोकदार खवले असतील, तर तुम्ही तारलीच्या नातलगांकडे बघताय, आणि वरचं सगळं गणित बदलतं.

हे वाचून डोळ्यांसमोर काही येत नसेल तर मुंबईत राहण्याचा फायदा घ्या. जीवाश्म माशांवर काम करणाऱ्या माणसाकडे आजच्या माशांचे सांगाडे हवेतच, आणि त्यासाठी भाऊचा धक्का किंवा ससून डॉक यांच्यासारखी जागा नाही. माझ्याकडचे बहुतेक सांगाडे तिथल्याच माशांचे आहेत. कोळणींना मासा कशाला हवाय ते सांगितलं की त्या काटे न मोडलेला, शेपूट न फाटलेला मासा निवडून देतात. सकाळी लवकर गेलात तर जास्त बरं. सुरुवात बांगड्याने करा. पूर्ण मासा, न कापता, गरम पाण्यात ठेवा, पण पाणी खळखळा उकळू देऊ नका, नाहीतर शेपटीतली हाडं सुटी होतात. मांस सैल झालं की मऊ ब्रशने आणि दातकोरणीने काढत जा. शेपटीचा भाग वेगळा ठेवा, त्याला शेवटी हात लावा.

आता मणके मोजा. बांगड्याचे 31 भरायला हवेत: 13 पोटाकडचे, 18 शेपटीकडचे. 30 आले तर बहुधा तुम्ही टोकाचा, शेपटीच्या हाडांशी एकजीव झालेला मणका सोडलाय. दोन अभ्यासकांच्या मोजणीत एकाचा फरक पडतो तो बहुतेक इथेच, म्हणून तो धरलाय की नाही हे दर वेळी लिहून ठेवायची सवय आत्ताच लावून घ्या. पोटाकडचा भाग संपून शेपटीकडचा कुठे सुरू होतो, तेही हातात घेऊनच कळतं: खालच्या बाजूने दोन टोकं जुळून एक काटा तयार झाला की तो शेपटीचा पहिला मणका. जीवाश्मात नेमकी ही जागा बरगड्यांच्या पसाऱ्याखाली झाकली जाते. आणि डोक्यामागचे पहिले दोन-तीन मणके कल्ल्यावरच्या झाकणाखाली लपतात, तेव्हा ‘दिसणारे इतके, झाकलेले अंदाजे इतके’ असं दोन्ही लिहायचं.

अशा संख्या इतक्या महत्त्वाच्या का, ते बाजारातल्याच उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे सुरमई म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांत एकाच जीनसच्या (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) दोन प्रजाती येतात. तुकडे केल्यावर ओळखणं अवघड, पण एकीचे मणके 42 ते 46 आणि दुसरीचे 47 ते 52. दोन्हींच्या मर्यादा एकमेकींत शिरत नाहीत, म्हणून हा फरक प्रजातीचा. यातली दुसरी बाजूही लक्षात घ्या: एकाच प्रजातीत चार-पाच मणक्यांची तफावत नेहमीची असू शकते. अंड्यातून बाहेर येण्याच्या काळात पाणी थंड असेल तर बऱ्याच माशांत मणक्यांची संख्या थोडी वाढते. तुमच्या माशाचा एक मणका इओसेरॅनसपेक्षा जास्त निघाला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. संख्येतला फरक मोठा हवा, किंवा एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार फरक एकत्र हवेत: पाठीवरचे काटे, पाठीच्या पराआधीच्या सुट्या हाडांची मांडणी, शेपटीतल्या हाडांचं जुळणं, कल्ल्याच्या झाकणापुढच्या हाडाची दातेरी कड.

वय हे सगळ्यात मोठं गोंधळाचं कारण आहे आणि त्याबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण 11 सेंटिमीटरचा मासा पूर्ण वाढलेला आहे की पिल्लू, हे तुम्हाला अजून माहीत नाही. हलवा घ्या. बाजारात येणाऱ्या मोठ्या हलव्याला पोटाकडचे पर नसतात. पण हलव्याच्या लहान पिल्लांना ते असतात. वाढताना ते नाहीसे होतात. समजा, आजपासून काही कोटी वर्षांनी कुणाला एका थरात पर असलेला छोटा मासा आणि पर नसलेला मोठा मासा मिळाला. एवढा ढळढळीत फरक बघून दोन प्रजाती कराव्यात असं कुणालाही वाटेल, कदाचित दोन वेगळी कुळंही. खरं काय ते मधल्या आकाराचे मासे मिळाले तरच कळेल.

म्हणून वयाच्या खुणा आधी शोधा. शेपटीतली हाडं जिथे जुळायला हवीत तिथे जुळली आहेत का, की अजून फट आहे? मणक्यांच्या कडा घट्ट आहेत की अर्धवट हाड झालेल्या? डोळ्याची खोबण डोक्याच्या मानाने फार मोठी आहे का? पिल्लांत डोळा मोठा, डोकं मोठं, अंग आखूड. यातल्या दोन खुणा जरी पिल्लाकडे बोट दाखवत असल्या, तर डोकं आणि अंग यांच्या प्रमाणावर आधारलेला प्रत्येक फरक यादीतून काढून टाका. मणके आणि काटे यांच्या संख्या मात्र लहान वयातच ठरून जातात, त्या राहू द्या. माझा कल नेहमी मोजमापापेक्षा मोजणीकडे असतो, त्याचं कारण हेच.

दुसरं, दगड. मासा मेल्यावर कोमट पाण्यात फुगतो, कधी तरंगतो, पोट फुटतं, बरगड्या पसरतात. मग गाळ चढतो आणि सगळं चपटं होतं. त्यामुळे अंगाची उंची खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, जबडा वासलेला राहतो, पाठ मागे वाकते. ‘हा मासा इओसेरॅनसपेक्षा उंच आहे’ हे वाक्य मी एकट्या चेपलेल्या नमुन्यावरून कधीही लिहीत नाही. एखादं हाड नसेल तर ते नव्हतं की वाहून गेलं, हे शेजाऱ्यांकडे बघून ठरवतो. आजूबाजूची त्याच्याहून बारीक हाडं जागच्या जागी असतील आणि नेमकी तेवढीच जागा स्वच्छ मोकळी असेल, तर ते हाड नसावं. शेजार विस्कटलेला असेल तर गप्प बसायचं.

नर-मादीतला फरक सांगाड्यात सहसा फार दिसत नाही आणि एका नमुन्यावर तो तपासताही येत नाही. व्यंग मात्र ओळखता येतं: दोन मणके एकत्र जोडले गेले असतील तर त्यांच्यावर काटे दोन आणि गाभा एक दिसतो. असं एखाद्या ठिकाणीच असेल तर ते वैशिष्ट्य म्हणून मोजू नका.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर, शेपूट आणि परांवरून गट, मोजणीवरून फरक, आणि वय व दगड यांच्या चाळणीतून जो फरक खाली पडत नाही तोच हातात ठेवायचा. यानंतर वाचन सुरू होतं, आणि ते घरबसल्या पुष्कळ होतं.

वुडवर्डचं 1908 चं वर्णन छोटं आहे, आणि आज आपण शेपटीत जे शोधतो त्यातलं बरंचसं तेव्हा कुणी शोधत नव्हतं. 2004 साली काही भारतीय आणि परदेशी अभ्यासकांनी मिळून इओसेरॅनसचा नव्याने अभ्यास केला. त्याच कामात सौराष्ट्रातल्या बामणबोरचा इंडियाइक्थिस बामनबोरेन्सिस हा काटेरी पराचा मासाही आला. त्याआधी 1973 साली बोरकरांनी सौराष्ट्रातल्या सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या, लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या गाळातून पॅलिओप्रिस्टोलेपिस चिपळूणकरी या माशाचं वर्णन केलं होतं. हे तिन्ही काळाने आणि प्रदेशाने तुमच्या माशाच्या जवळचे. तुमची यादी या तिघांसमोर ओळीने ठेवा. आणि नुसत्या वर्णनावर थांबू नका: ज्या नमुन्यावर मूळ नाव बेतलंय तो कुठल्या संग्रहात, कोणत्या क्रमांकाने ठेवलाय ते मूळ लेखात दिलेलं असतं. तो स्वतः बघावा लागतो, निदान त्याचे चांगले फोटो मागवावे लागतात. जुन्या चित्रकाराने मोडलेलं हाड अंदाजाने पुरं केलेलं असतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एक अडचण माशांच्याच वाट्याला येते. धोमा खाताना त्याच्या डोक्यात पांढरे खडे सापडतात ना? ते कानातले दगड, ओटोलिथ. प्रत्येक हाडाच्या माशात ते असतात, धोमा-घोळीत फार मोठे. ते गाळात सुटे टिकतात आणि त्यांच्या आकारावरून प्रजाती ठरवतात. दख्खनच्या लाव्हाशी निगडित गाळांतून अशा ओटोलिथांवरून कितीतरी मासे नोंदले गेले आहेत, ज्यांचा सांगाडा कुणी पाहिलेला नाही. म्हणजे तुमचा मासा सांगाड्याने नवा आणि ओटोलिथाने जुना, असं होऊ शकतं. चेपलेल्या डोक्यात ओटोलिथ जागेवर असेल तर हा गुंता सुटतो. त्यासाठी मायक्रो-सीटी लागतो. हॉस्पिटलमधल्या सीटी स्कॅनवर एवढं बारीक दिसत नाही, त्यात पैसे घालू नका.

समजा सगळ्या चाळण्या पार पडल्या आणि फरक उरला, पण नमुना एकच आहे. मग नाव द्यायचं का? इथे अभ्यासकांत खरोखर मतभेद आहेत. नियम एका नमुन्यावर नाव द्यायला मनाई करत नाहीत, आणि जीवाश्मांत पुष्कळ नावं एकाच नमुन्यावर उभी आहेत. माझं मत असं, की शेपटीसारख्या भरवशाच्या जागी ठळक फरक असेल तर द्यावं. फरक फक्त संख्यांच्या काठावरचा असेल तर ‘इओसेरॅनसच्या जवळचा, प्रजाती अनिश्चित’ एवढं छापून थांबावं. तसं छापलेलं वर्णनही पुढच्या माणसाला पूर्ण उपयोगाचं असतं. घाईने दिलेलं नाव मात्र कायमचं यादीत बसतं आणि पुढचे सगळे त्याच्याशी झगडत राहतात.

जीनसही नवा करायचा का, याची घाई तर मुळीच नको. आपल्या वरळीच्या थरांतल्या छोट्या बेडकाचं उदाहरण आहे. रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्याला राना या तेव्हाच्या सरधोपट जीनसमध्ये घातलं. 1930 मध्ये नोबल यांनी त्याच्यासाठी इंडोबॅट्राकस हा वेगळा जीनस केला. प्रजातीचं वर्णन पक्कं असलं की जीनस नंतर बदलला तरी काही बिघडत नाही.

आता फरशीची काळजी, कारण ती पावसाळ्यात डोंबिवलीत आहे. बेसाल्टशी संबंधित चिकणमाती ओल शोषून फुगते आणि सुकताना तडकते. नळाखाली धुऊ नका. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवू नका. खोक्यात मऊ कागद घालून सपाट ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. वॉर्निश, फेविकॉल, फेविक्विक यातलं काहीही लावू नका. हाड सुटतच असेल तर ॲसिटोनमध्ये पातळ केलेला पॅरालॉइड बी-72 हा राळेसारखा पदार्थ वापरतात, तो ॲसिटोननेच परत काढता येतो, पण तोही जाणकाराच्या हातून. व्हिनेगरचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. सौम्य ॲसेटिक आम्लाने चुनखडी विरघळवून हाड मोकळं करायची पद्धत खरी आहे, पण आम्लाची तीव्रता सांभाळली नाही तर हाडही खातं. सुईने उकरायचा मोह टाळा. शेपटीवरचं एक एप्युरल उडालं तर आपण वर बोललेल्या सगळ्या तपासणीला काही अर्थ राहत नाही.

मामांकडून तीन गोष्टी मागवा. विहिरीची जागा मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशासह आणि थर किती फुटांवर लागला ते. बांधकाम पुरं व्हायच्या आत विहिरीच्या भिंतीचे, पट्टी धरून काढलेले फोटो. आणि त्याच थरातली किलो-दोन किलो माती, वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून. त्या मातीत ऑस्ट्रॅकॉड या बारीक जलचरांची कवचं आणि कॅरोफायट या पाण्यातल्या शैवालांचे बीजांसारखे दिसणारे अवशेष मिळाले तर पाणी गोडं होतं का आणि थर कोणता, हे माशापेक्षा तीच जास्त खात्रीने सांगतील. चाळल्यावर सुटे ओटोलिथही मिळू शकतात.

मामांचं नाव देता येतं. हिस्लोपी, चिपळूणकरी ही तशीच नावं आहेत. पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ लागतो, स्त्रीच्या नावाचं रूप वेगळं होतं. स्वतःचं नाव स्वतःच द्यायचा रिवाज नाही, मामांचं द्यायला काही हरकत नाही. पण प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या अटी आहेत: 2000 सालापासून नव्या प्रजातीचा मूळ नमुना स्पष्टपणे ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे ते छापावं लागतं. केवळ ऑनलाइन नियतकालिकात छापणार असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी. याचा व्यवहारातला अर्थ असा, की फरशी घरी राहणार नाही. ती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, विद्यापीठाच्या संग्रहात किंवा एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात द्यावी लागेल, आणि याबद्दल मामांशी आत्ताच मोकळेपणाने बोला. जमीन त्यांची आहे, दगड त्यांनी बाजूला काढून ठेवला. प्रजाती नवी निघो वा इओसेरॅनसच निघो, संग्रहाच्या नोंदवहीत शोधणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव आणि गाव लिहून घ्यायला विसरू नका. तुमच्या विभागप्रमुखांमार्फत नमुना सुपूर्द केलात तर हा रकाना भरून घेणं सोपं जातं.

सध्या मला तीन फोटो पाठवा: पूर्ण फरशी, शेपूट जवळून, आणि पाठीच्या पराचे पहिले काटे जवळून. प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी असू द्या आणि उजेड डाव्या-वरच्या बाजूने, तिरका पडू द्या. शेपटीचा फोटो स्पष्ट आला तर अर 17 आहेत की 19, एवढं तरी लगेच सांगू शकेन.